कामाचा गाभा कोणता?

सेलिओ डियाझ या माणसाने १९६७ साली ‘पॅन अ‍ॅम’ या अमेरिकन विमान कंपनीत केबिन क्रूच्या नोकरीसाठी अर्ज केला. कंपनीने तो फेटाळला, कारण या कामावर ती फक्त बायकांना घेत होती. डियाझ कोर्टात गेला. तेव्हा कंपनीने एका नामांकित मानसोपचारतज्ज्ञाला साक्षीला उभं केलं. ‘गेम्स पीपल प्ले’ या गाजलेल्या पुस्तकाचे लेखक डॉ. एरिक बर्न यांना. डॉक्टरांनी सांगितलं, की विमानाची केबिन ही जगापासून तुटलेली बंदिस्त जागा असते, तिथे प्रवाशाच्या मनात भीती, कंटाळा आणि उत्तेजना दाटून येतात, आणि त्या हाताळायला पुरुषापेक्षा स्त्री अधिक योग्य ठरते. जोडीला पाहण्यांचे आकडे होते. बहुतेक प्रवाशांना सेवेला बायकाच हव्या होत्या. खालच्या कोर्टाला हे सगळं पटलं आणि डियाझ हरला.

अपिलात न्यायाधीशांनी एक अगदी साधा प्रश्न घेतला : विमान कंपनी असते कशासाठी? माणसांना सुखरूप एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवण्यासाठी. प्रवाशाला प्रसन्न वाटणं चांगलंच, पण ते त्या मूळ कामाच्या कडेकडेने येतं. कडेच्या गोष्टीसाठी निम्म्या माणसांना दाराबाहेर ठेवता येणार नाही. आणि ग्राहकांच्या आवडीनिवडीवरच भेदभाव कायदेशीर ठरणार असेल, तर असा कायदा करायचा तरी कशाला? कारण त्याच आवडीनिवडी मोडून काढण्यासाठी तर तो आला होता. १९७१ साली डियाझ जिंकला.

भेदभावाच्या खटल्यांत मालक आपला बचाव कसा करतात, हे वाचत गेलं की माणूस थक्क होतो तो इथे. रूक्ष वाटणाऱ्या या कायद्यात न्यायाधीशांना तत्त्वज्ञासारखा प्रश्न विचारावा लागतो : हे काम म्हणजे नेमकं काय? तुरुंगाचा पहारेकरी म्हणजे काय, बॅटरीच्या कारखान्यातला कामगार म्हणजे काय, स्टेनोग्राफर म्हणजे काय? सवय, समजूत, परंपरा हे सगळं बाजूला काढल्यावर कामाचं जे उरतं, ते करायला या माणसात काय कमी आहे, ते दाखवा, असं कोर्ट मालकाला सांगतं.

हा कायदा म्हणजे अमेरिकेचा १९६४चा नागरी हक्क कायदा. २ जुलै १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली. त्याच्या सातव्या प्रकरणाने नोकरीत वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून भेदभाव करायला बंदी घातली. खटला उभा राहिला की मालकाकडे ढोबळमानाने तीन वाटा असतात.

पहिली वाट नकाराची. ‘आम्ही याला त्या कारणाने नाकारलंच नाही. कारण वेगळं होतं.’ इथे पुरावा कसा तोलायचा याची पद्धत १९७३च्या मॅकडॉनेल डग्लस खटल्यात ठरली. आधी अर्जदाराने प्रथमदर्शनी संशय दाखवायचा, मग मालकाने रास्त कारण पुढे करायचं, आणि शेवटी अर्जदाराने ते कारण निव्वळ बहाणा आहे हे सिद्ध करायचं. दुसरी वाट धाडसाची. ‘होय, याच कारणाने नाकारलं, कारण कामच तसं आहे.’ तिसरी वाट नियमाची. ‘नियम सगळ्यांना सारखाच आहे. त्याचा फटका एकाच गटाला बसत असेल, पण धंद्याला तो नियम लागतोच.’ पहिल्या वाटेवर वाद असतो तो मालकाच्या मनातल्या हेतूचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेवर खुद्द कामच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहतं, आणि खरी गंमत तिथे आहे.

दुसऱ्या वाटेला कायद्याने मुद्दाम थोडी जागा ठेवलेली आहे. विधेयकावर चर्चा चालली होती तेव्हा सिनेटर क्लार्क आणि केस यांनी तिची उदाहरणं दिली होती : फ्रेंच उपाहारगृहाला फ्रेंच स्वयंपाकी हवा असणं, व्यावसायिक बेसबॉल संघाला पुरुष खेळाडू हवे असणं. धर्म, लिंग आणि मूळ देश या तीन बाबतींत अशी सवलत मागता येते. वंश आणि रंग त्या यादीत नाहीत. ‘या कामाला गोराच माणूस लागतो’ हा बचाव या कायद्यात उभाच राहू शकत नाही. गुलामगिरीचा इतिहास असलेल्या देशाने स्वतःच्याच कायद्यात एक दार असं कायमचं चिणून टाकावं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

जे दार किलकिलं ठेवलं, त्यातून मालकांनी काय काय आत आणायचा प्रयत्न केला ते पाहण्यासारखं आहे. लोरिना वीक्स जॉर्जिया राज्यात सदर्न बेल या टेलिफोन कंपनीत १९ वर्षं नोकरी करत होती. १९६६ साली तिने ‘स्विचमन’च्या जागेसाठी अर्ज केला. टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रं तपासायची, दुरुस्त करायची, असं ते काम. कंपनीने जागा एका पुरुषाला दिली. त्याची सेवा वीक्सपेक्षा कमी होती. बचाव असा, की या कामात ३० पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण साडेतेरा किलोंपेक्षा जास्त वजन उचलावं लागतं आणि ते बाईला झेपणार नाही. वीक्सच्या टेबलावर त्याच कंपनीने दिलेला टाइपरायटर होता. त्याचं वजन ३४ पौंड.

१९६९ साली अपील कोर्टाने जो दंडक घातला तो पुढे सगळीकडे वापरला गेला. सगळ्या किंवा जवळजवळ सगळ्या बायकांना हे काम सुरक्षितपणे आणि नीट करता येणार नाही, असं मानायला ठोस आधार आहे का, हे मालकाने दाखवायचं. बायका नाजूक असतात, ही सर्वसाधारण समजूत झाली, पुरावा नव्हे. रात्री-अपरात्री कामावर यावं लागेल, ही कंपनीची काळजीही कोर्टाने मान्य केली नाही. पगार जास्त असलेलं अवघड काम घ्यायचं की नाही, हे त्या बाईने स्वतः ठरवायचं. आपल्याकडे घराघरांत मायेपोटी जे बोललं जातं, ‘तुला कशाला ती दगदग?’, ते मालकाच्या तोंडी आलं की त्याचा अर्थ बदलतो, हे इतक्या स्वच्छपणे कोर्टाने सांगितलं याचा मला आनंद वाटतो.

तिसऱ्या वाटेवरचा सगळ्यांत मोठा खटला नॉर्थ कॅरोलिनातला. ड्यूक पॉवर कंपनीच्या डॅन रिव्हर वीज केंद्रात काळ्या कामगारांना फक्त ‘लेबर’ खात्यात घेत. त्या खात्यातल्या सगळ्यांत वरच्या माणसाचा पगार इतर खात्यांतल्या सगळ्यांत खालच्या माणसापेक्षाही कमी होता. २ जुलै १९६५ला कायदा लागू झाला, आणि त्याच दिवसापासून कंपनीने चांगल्या खात्यांत नव्याने शिरायचं तर दोन लेखी चाचण्या पास व्हायची अट घातली. शालान्त शिक्षणाचा दाखला आधीपासून लागतच होता. नियम सर्वांना सारखा. पण १९६०च्या जनगणनेनुसार त्या राज्यात शालेय शिक्षण पूर्ण केलेले गोरे पुरुष होते ३४ टक्के आणि काळे पुरुष १२ टक्के.

सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली एकमताने निकाल दिला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी त्यात इसापाची कोल्हा आणि करकोच्याची गोष्ट आणली. पाहुण्याला दूध वाढलं, पण त्याची चोच किंवा तोंड पोचणारच नाही अशा भांड्यात वाढलं, तर ते वाढणं म्हणजे केवळ देखावा. भांडं पिणाऱ्याला पेलेल असं हवं. मग कोर्ट कामाकडे वळलं. दाखला नसलेले, चाचणी न दिलेले गोरे कामगार त्याच खात्यांत आधीपासून होते आणि त्यांचं काम उत्तम चाललं होतं. म्हणजे दाखल्याचा आणि कोळशाच्या वा बॉयलरच्या कामाचा संबंध कंपनीला दाखवता येत नव्हता. परीक्षा माणूस हुशार आहे का याची नको, तो हे काम करू शकतो का याची हवी. आणि मालकाचा हेतू शुद्ध असला तरी तेवढ्याने भागत नाही.

सुरक्षिततेचं कारण पुढे आलं तरी ही कसोटी बदलत नाही. विमानाच्या एकाच कॉकपिटमध्येही ती प्रत्येक खुर्चीचं काम वेगळं तपासते. पूर्वी मोठ्या विमानांत दोन वैमानिकांच्या मागे फ्लाइट इंजिनियर बसत असे. इंधन, दाब, वीज यांच्या तबकड्यांवर लक्ष ठेवणारा. वैमानिकांनी ६०व्या वर्षी थांबायचं हा तेव्हा सरकारी नियमच होता. वेस्टर्न एअरलाइन्सने तोच नियम आपणहून फ्लाइट इंजिनियरलाही लावला. वयावरून होणाऱ्या भेदभावासाठी अमेरिकेत १९६७चा वेगळा कायदा आहे, पण तिथेही विचारायचं तेच. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या विरोधात निकाल दिला. प्रवाशांची सुरक्षितता हा विमान कंपनीच्या कामाचा गाभाच, यात वाद नव्हता. पण साठीनंतरचा प्रत्येक फ्लाइट इंजिनियर धोक्याचा आहे का, आणि एकेकाची वैद्यकीय तपासणी करून ते ठरवणं खरंच अशक्य आहे का, हे कंपनीला सिद्ध करता आलं नाही. सुरक्षिततेचं नाव घेतलं म्हणजे बचाव झाला असं नाही. त्या खुर्चीवरच्या माणसाने काय करायचं असतं, इथपर्यंत जावं लागतं.

आणि मग येतो तो खटला, ज्यात मालकाचा हेतू ऐकून कुणाचंही मन विरघळेल. जॉन्सन कंट्रोल्स ही कंपनी बॅटऱ्या बनवत असे. बॅटरीत शिसं लागतं. त्याची धूळ श्वासातून अंगात जाते आणि गर्भाला त्यापासून मोठा धोका असतो. १९७९ ते १९८३ या काळात कंपनीत रक्तातलं शिशाचं प्रमाण जास्त असलेल्या आठ कामगार स्त्रिया गरोदर राहिल्या होत्या. १९८२ साली कंपनीने फर्मान काढलं : मूल होणं शक्य नाही असा वैद्यकीय दाखला ज्या देऊ शकणार नाहीत, अशा कुठल्याही स्त्रीला शिशाशी संबंध येणाऱ्या कामावर ठेवणार नाही.

कामगार संघटना कोर्टात गेली. दावा लावणाऱ्यांत कोण होते ते पाहा. एका स्त्रीने नोकरी जाऊ नये म्हणून नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली होती. दुसरी पन्नास वर्षांची, घटस्फोटित. तिला कमी पगाराच्या कामावर हलवलं होतं. आणि तिसरा एक पुरुष. त्याला बाप व्हायचं होतं, म्हणून अंगातलं शिसं उतरावं यासाठी त्याने रजा मागितली, आणि कंपनीने ती नाकारली. गर्भाची काळजी करणाऱ्या त्याच कंपनीने. शिशाचा परिणाम पुरुषाच्या प्रजननशक्तीवरही होतो, याचा पुरावा कोर्टासमोर होता. पण कंपनीच्या काळजीत बाप बसतच नव्हते.

खालच्या दोन्ही कोर्टांत कंपनी जिंकली. २० मार्च १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांचं आहे आणि त्याचा युक्तिवाद वाचताना माझ्या अंगावर रोमांच उभे राहतात. कंपनीचं काम काय? बॅटऱ्या बनवणं. या स्त्रिया बॅटऱ्या तितक्याच चांगल्या बनवतात का? होय, याबद्दल दुमत नाही. मग बचाव संपला. जन्माला न आलेलं मूल हे कंपनीचं गिऱ्हाईक नव्हे आणि त्याची काळजी हा बॅटरी बनवण्याच्या कामाचा भाग नव्हे. पुढच्या पिढीच्या हिताचे निर्णय त्या पिढीला जन्म देणाऱ्या, वाढवणाऱ्या आईबापांनी घ्यायचे, त्यांना कामावर ठेवणाऱ्या मालकाने नव्हेत. बायका ठेवल्या तर खर्च वाढेल, ही सबबही कोर्टाने स्वीकारली नाही.

याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. माणसं बदलून धोका टाळण्याची सोय संपली की कारखान्याला शिशाची धूळच कमी करावी लागते. तसं झालं तर वाचतात सगळेच, तो बाप होऊ पाहणारा पुरुषसुद्धा.

या सगळ्या वाटचालीत कोर्टाचा पाय एका ठिकाणी घसरला, असं मला ठामपणे वाटतं. डायान रॉलिन्सन ही मानसशास्त्र शिकलेली २२ वर्षांची तरुणी अलाबामात तुरुंगाच्या पहारेकऱ्याच्या नोकरीसाठी गेली. किमान उंची पाच फूट दोन इंच आणि किमान वजन १२० पौंड अशी अट होती. तिचं वजन कमी भरलं. या दोन अटींमुळे ४१ टक्क्यांहून जास्त बायका बाद होत होत्या आणि पुरुष एक टक्कासुद्धा नाहीत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अट उडवली : ताकद हवी असेल तर ताकदीची परीक्षा घ्या, वजनकाटा कशाला? इथपर्यंत सगळं लख्ख. पण त्याच निकालात कोर्टाने दुसरा नियम राखला. अलाबामातले पुरुषांचे तुरुंग इतके बेबंद आणि हिंसक आहेत, की कैद्यांमध्ये थेट वावरण्याच्या कामावर बायका नेमल्या तर त्या बाई आहेत म्हणूनच हल्ले होतील आणि तुरुंगाची सुरक्षा धोक्यात येईल, असं कोर्ट म्हणालं.

न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी यावर वेगळं मत लिहिलं. तुरुंग बेबंद आहे तर तुरुंग सुधारा, हल्ला करणाऱ्याला शिक्षा करा. दुसऱ्याच्या गुन्ह्याची किंमत नोकरी मागणाऱ्या बाईने का चुकवायची? तेव्हा ते मत अल्पमतात पडलं.

भारतातली एक गोष्ट याच मताशी जोडली गेली आहे. पण त्याआधी मुंबईतले दोन खटले. १९८१च्या नर्गेश मिर्झा खटल्यात एअर इंडियाचा बचाव असा होता, की हवाई सुंदरी आणि पुरुष पर्सर हे दोन वेगळे संवर्ग आहेत, मग तुलनाच कशी करता? हवाई सुंदरीला ३५व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा गरोदर राहिल्यावर, यांतलं जे आधी घडेल तेव्हा घरी जावं लागे. सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट कठोर शब्दांत रद्द केली. पण वेगळ्या संवर्गाचा युक्तिवाद आणि चार वर्षांची लग्नबंदी मान्य केली. नेमणुकीच्या कागदावर जे होतं, ते त्या दिवशी विमानातल्या प्रत्यक्ष कामापेक्षा भारी ठरलं.

सहा वर्षांनी मुंबईच्याच मॅकिनन मॅकेंझी कंपनीची पाळी आली. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडच्या महिला स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार होता. ऑड्री डिकॉस्टा यांनी १९७६च्या समान वेतन कायद्याखाली दाद मागितली. कंपनीने एकामागून एक बचाव मांडले : या ‘कॉन्फिडेन्शियल’ स्टेनो आहेत, त्यांचं काम वेगळं. पगार युनियनशी झालेल्या करारानुसार आहे. कंपनीची आर्थिक स्थिती बेताची आहे, परवडत नाही. १९८७ साली न्यायमूर्ती वेंकटरामय्या यांच्या निकालात हे सारे बचाव कोसळले. पदाच्या नावातला फरक पाहू नका, रोज प्रत्यक्ष काय करतात ते ढोबळमानाने पाहा. भेदभाव करणारा करार युनियनने सही केला म्हणून पवित्र होत नाही. आणि परवडत नाही, एवढ्यासाठी तेच काम करणाऱ्या काही जणांना कमी पगार देता येत नाही. नोकरी करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हा निकाल ठाऊक असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता मार्शल यांचं ते पराभूत मत. १९१४च्या पंजाब अबकारी कायद्यातलं एक कलम दिल्लीतही लागू होतं. जिथे लोक दारू पितात अशा जागी बायकांना नोकरीवर ठेवायला त्यात बंदी होती. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेल्या तरुणींना तारांकित हॉटेलांतही त्यामुळे अडसर होता. बंदीचा बचाव तोच, सुरक्षिततेचा. डिसेंबर २००७मध्ये अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. निकालात न्यायमूर्ती सिन्हांनी अलाबामाचा तो खटला समोर ठेवला, बहुमत बाजूला सारलं आणि मार्शल यांच्या विचाराची बाजू घेतली. सुरक्षित वातावरण तयार करणं हे शासनाचं काम. ते न करता बाईच्या स्वातंत्र्यालाच कुंपण घालणं हा उपाय नव्हे. अलाबामातल्या तरुणीला जो युक्तिवाद वाचवू शकला नाही, तो तीस वर्षांनी दिल्लीतल्या मुलींच्या कामी आला.

आपल्याकडे अजून बरंच बाकी आहे. घटनेतलं समान संधीचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे. खासगी नोकरीतल्या जात, धर्म, लिंग अशा सर्व भेदभावांना कवेत घेणारा एकच सर्वसमावेशक कायदा भारतात नाही. पण कायदा येईपर्यंत थांबायची गरज नसलेली एक गोष्ट या खटल्यांनी हाती दिली आहे, ती म्हणजे विचारण्याची रीत. ‘सेल्ससाठी मुलगाच हवा’, ‘रिसेप्शनला मुलगीच हवी’, ‘पस्तिशीच्या आतलाच हवा’, ‘आमच्यातलाच कुणी असेल तर पाहा’ अशी वाक्यं आपण ऐकतो, कधी स्वतः बोलतो. त्या प्रत्येक वाक्यापुढे विचारता येतं : या कामात नेमकं काय करायचं आहे, आणि या माणसाला त्यातलं काय जमणार नाही? कामाचं कारण पुढे केलं, की पुरावा द्यायची जबाबदारी नोकरी मागणाऱ्याची नव्हे, नाकारणाऱ्याची. खरं कारण असेल तर ते या प्रश्नाला पुरून उरतं, आणि नसेल तर मालकाला ती जागा खुली करावी लागते.